एनिसची ठंडाई आणि डब्लिनचा आदेश

आयर्लंडमधल्या एनिस गावात विद्याधर टिपणिसांना ओळखत नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. आणि रस्त्यात गाठ पडल्यावर त्यांच्या तावडीतून लवकर सुटला, असा तर त्याहून सापडणार नाही. त्यांची उभी हयात मुंबईला मंत्रालयात, उत्पादन शुल्क विभागात गेली. दारू, ताडी, स्पिरिट, भांग, सगळ्यांच्या फायली त्यांच्याच टेबलावरून जायच्या. सरलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चारचौघांत सांगायच्या, "एवढ्या दारूवर सह्या केलेला माणूस, आणि घरात खोकल्याचं औषधही वास घेऊन परत ठेवतो!"

निवृत्तीनंतर लेकीने दोघांना इथे आणलं. नेत्रा एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यामुळे ज्या माणसाच्या केबिनमध्ये भलेभले उभ्याने बोलायचे, तो इथे 'डॉक्टर नेत्राचे बाबा' झाला. कागदोपत्री तर त्याहून वाईट: मुलीवर अवलंबून असलेले पालक. दरवर्षी राहण्याचा परवाना नव्याने घ्यायचा आणि खिडकीपलीकडच्या मुलीकडे बघून शहाण्यासारखं हसायचं. काका हसायचे, पण बाहेर आल्यावर म्हणायचे, "टिपणीत तीन चुका होत्या तिच्या."

त्यांचा लाडका विषय एकच होता: अधिकार कोणाचा? त्यातला सगळ्यात लाडका दाखला भांगेचा. शेजारी डर्मट म्हणून काउंटी कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेतून, निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे. त्यांना काकांनी तो कुंपणावरून किती वेळा ऐकवला असेल याची गणती नाही. "बघा डर्मट, झाड एकच. पण आमच्या कायद्याने त्याची वाटणी केली. फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजे गांजा, ते केंद्राचे. दिल्लीने बंद केले, विषय संपला. पानं मात्र व्याख्येतून सुटली. ती राज्यांची! म्हणून एका राज्यात भांगेचं सरकारमान्य दुकान, आणि दुसऱ्यात परवान्याशिवाय हात लावलात तर बेड्या. अमेरिकेत याच्या उलटं. तिथे राज्य म्हणतं, ओढा. वॉशिंग्टन म्हणतं, खबरदार. तुमच्याकडे कसं?"

डर्मट बिचारे चहाचा मग कुंपणावर टेकवून म्हणायचे, "आमच्याकडे पानंही डब्लिनची आणि शेंडेही डब्लिनचेच. काउंटीकडे खड्डे आहेत."

"फक्त खड्डे?"

"कचराही होता. तोही काढून घेतला."

यावर काका मनापासून हळहळायचे. राज्यं नसलेला देश म्हणजे त्यांना मिठाशिवायची आमटी वाटायची.

आता या माणसाला मान मिळावा अशी एनिसमध्ये एकच जागा होती, ती म्हणजे होळीचं पातेलं. मराठी मंडळी शहरातला एक हॉल घ्यायची. तिथली लाकडी फरशी खराब होते म्हणून रंगाला मनाई. पाणी तर नकोच, ते बाहेर आकाशातून फुकट मिळतंच. मग होळीला करायचं काय? तीन वर्षांपूर्वी काका पुढे झाले. नागपूरला अधिवेशनासाठी जायचे तेव्हा इतवारीतल्या एका दुकानदाराने त्यांना ठंडाई शिकवली होती. बदाम, पिस्ते, मगज, बडीशेप, मिरी, गुलाबपाकळ्या. सरलाकाकूंनी कुरकुर केली, "आपल्यात होळीला पुरणपोळी. हे कुठलं खूळ?" पण वाटण त्यांनीच करून दिलं. ठंडाई झाली झकास, पिस्त्याने जराशी हिरवट.

तो हिरवा रंग बघून अभिजित पुढे आला. अभिजित म्हणजे शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करणारा उत्साही प्राणी. काकांच्या कानाला लागून त्याने विचारलं, "काका, ह्यात ते आहे का?"

सरळ उत्तर होतं, 'नाही.' पण मंत्रालयात मुरलेल्या माणसाच्या तोंडून सरळ उत्तर निघायला त्रास होतो. काका ओगराळं इकडेतिकडे फिरवत म्हणाले, "अभिजित, काही गोष्टी फायलीवर घ्यायच्या नसतात."

बस. एवढंच म्हणाले.

अभिजितने ग्लास संपवला आणि थोड्याच वेळात त्याला आपले स्वतःचे पाय फार लांब दिसायला लागले. मग त्याचं बघून पाचसहा जणांना चढली. एक गंभीर डेटाबेसवाला खुर्चीवर उभा राहून लावणीचे हातवारे करू लागला. एरवी एकमेकांना 'हाय' करून फोनमध्ये डोकं घालणारी माणसं गळ्यात गळे घालून आपापल्या शाळांच्या आठवणी सांगायला लागली. डर्मटना बोलावलं होतं. त्यांनी एक ग्लास घेतला, 'ग्रँड' म्हणाले आणि दुसरा मागितला. त्यांना काही झालं नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आणि काका? पातेल्याशेजारी उभे होते. सगळे त्यांच्याकडे येत होते, हळू आवाजात बोलत होते, डोळे मिचकावत होते. असा भाव त्यांना मंत्रालय सुटल्यापासून आला नव्हता. घरी आल्यावर सरलाकाकू म्हणाल्या, "सांगून टाका की त्यांना, बडीशेप चढलीय म्हणून." काका म्हणाले, "कुणी लेखी विचारलं तर सांगेन."

कुणी लेखी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी लिमरिकहून माणसं आली. तिसऱ्या वर्षी हॉल पुरेना.

त्या तिसऱ्या वर्षी एक भानगड झाली. अभिजितची बायको स्वप्ना, तशी अबोल. तिच्या सासूबाई, अलकनंदाबाई, दर फेब्रुवारीत सांगलीहून तीन महिन्यांसाठी यायच्या आणि आल्या आल्या सुनेचं स्वयंपाकघर आपल्या पद्धतीने लावायच्या. डाळी वर, पीठ खाली, चहाची पत्ती जिथे सापडणार नाही तिथे. स्वप्ना तिन्ही महिने गिळून राहायची. त्या होळीला, हातात ठंडाईचा ग्लास, भर हॉलमध्ये ती सासूपुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, ते प्रेस माझं आहे!" इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तो शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसलाय. "त्यात काय कुठे ठेवायचं ते मी ठरवणार. मला न विचारता हात लावायचा नाही!"

हॉलभर माना वळल्या. अभिजितने तर सरळ बूट बघायला सुरुवात केली. तेवढ्यात अलकनंदाबाईच हसल्या. "लागलीया पोरीला. बोलू द्या, बोलू द्या. उद्या आठवायचं बी न्हाई तिला." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कुणीतरी गाणं लावलं. आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून सासूबाईंनी त्या कपाटाला बोट लावलं नाही.

यंदा फेब्रुवारीत अभिजितला दुर्बुद्धी सुचली. मागच्या होळीचा नाचाचा व्हिडिओ त्याने सबंध आयर्लंडच्या मराठी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'एनिसची भांग, पुन्हा लवकरच!'

या ग्रुपचे, म्हणजे 'मराठी मेळा, आयर्लंड' या संस्थेचे नवे अध्यक्ष होते गिरीश. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला एका मोठ्या कंपनीत इतरांकडून नियम पाळून घेण्याची त्यांची नोकरी. स्वभाव असा की लिफ्टमध्ये चौघांच्या वर माणसं चढली की हे उतरून जिन्याने जायचे. त्यांनी तो व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत पाहिला आणि सँडविच संपायच्या आत आदेश काढला: 'अध्यक्षीय आदेश क्रमांक एक. सर्व शाखांमध्ये ठंडाई, मग ती भांगयुक्त, भांगविरहित अथवा भांगसदृश असो, तत्काळ बंद.'

वॉटरफोर्ड शाखेच्या चैतन्यने लगेच विचारलं, 'आमचं मसाला दूध भांगसदृश आहे का? रंग पिवळा आहे.' उत्तर आलं, 'पुढील आदेशापर्यंत बंद.'

एनिसमध्ये काकांनी तो आदेश वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की सरलाकाकूंनी विचारलं, "लॉटरी लागली की काय?"

"सरला, ही अधिकारकक्षेची पायमल्ली आहे!"

"मग आनंद कसला झालाय?"

आनंद व्हायचं कारण होतं. मेळ्याची घटना काकांनीच लिहून दिली होती आणि त्यात हौसेने दोन सूची घातल्या होत्या. केंद्राची सूची: विमा, वेबसाइट, देशाच्या कायद्याशी संबंधित बाबी. शाखांची सूची: हॉल, कार्यक्रम, खाणंपिणं. वर कलम असं, की अध्यक्षाला एकट्याने कसलाही आदेश काढता येणार नाही, कार्यकारिणीला विचारावं लागेल. काकांनी रविवारी दुपारी ऑनलाइन विशेष सभा मागवली. दोन दिवस घरात नुसती पायमल्ली, अतिक्रमण आणि सार्वभौम पातेलं चाललं होतं.

शनिवारी नेत्रा ड्यूटीवरून आली, बॅग टाकली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही शाखेचे अधिकार वगैरे काय ते भांडा. पण उद्या त्यांनी विचारलं भांग होती का, तर काय सांगणार?"

"विचारण्याचा त्यांना अधिकार..."

"बाबा! इथे भांग म्हणजे सरळ गुन्हा. माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन आहे. तुमचा परवाना जूनमध्ये आहे. तुमचं ते 'फायलीवर घ्यायचं नाही' इथे चालणार नाही. नव्हती ना? मग नव्हती म्हणा."

'नव्हती' म्हणायचं म्हणजे तीन वर्षांचा दबदबा एका शब्दात दुधात विरघळवायचा. उद्यापासून पातेल्याशेजारी कोण येणार? डॉक्टर नेत्राचे बाबा, बदामाचं दूध वाटणारे.

आणि एवढ्यावर भागलं नाही. रविवारी सकाळी दारात स्वप्ना. हातात अळूवड्यांचा डबा.

"काका, एक विनंती आहे. आज काय वाटेल ते सांगा, पण भांग नव्हती असं म्हणू नका."

"का गं?"

"आई पुन्हा आल्यात. सभेला अभिजितच्या शेजारी बसणारेत. तुम्ही नाही म्हणालात तर गेल्या वर्षी मी जे बोलले ते..."

"अगं, तुला वाटलं ना चढलीय? मग झालं तर. तुझा काय दोष?"

स्वप्नाने मान खाली घातली. "काका, मी ग्लास तोंडालाच लावला नव्हता. नुसता हातात होता."

आतून सरलाकाकूंचं हसू फुटलं ते आवरेना. काका मात्र सोफ्यावर बसले ते बसलेच. एका बाजूला लेकीची नोकरी, दुसऱ्या बाजूला या पोरीचं कपाट, आणि मधे आपली अब्रू. असली फाइल त्यांच्या टेबलावर कधी आली नव्हती. आली असती तर त्यांनी ती विधी विभागाकडे ढकलली असती.

दुपारी सभा सुरू झाली. पडद्यावर चौकटीच चौकटी. एका चौकटीत काका, शर्टावर जाकीट चढवून. कॅमेऱ्याच्या मागे नेत्रा. दुसरीत अभिजित, स्वप्ना आणि मधोमध अलकनंदाबाई, शेंगा सोलत. डब्लिनहून गिरीश.

"अध्यक्ष महोदय," काकांनी घसा खाकरला, "खाणंपिणं हा शाखा सूचीतला विषय आहे. त्यात केंद्राला नाक खुपसता येत नाही. दुसरं, हा आदेश कार्यकारिणीपुढे आला होता का?"

"काका, वेळ नव्हता."

"होळी पाच आठवड्यांवर होती!"

"धोका तातडीचा होता."

"कुणाला? मसाला दुधाला?" चैतन्य मधेच बोलला. चौकटी हसल्या.

काका रंगात आले. केंद्राची कामं वेगळी, शाखांची वेगळी. अध्यक्षाला वाटलं म्हणून नियम होत नाही. आज ठंडाई गेली, उद्या डब्लिनहून चकलीचं वळण ठरवून येईल. लोकांनी माना डोलावल्या. अभिजितने तर टाळ्या पिटल्या. सभा जिंकली असं वाटतंय तोच गिरीश शांतपणे म्हणाले, "काका, मान्य. खाणंपिणं तुमचं. पण देशाचा कायदा ही केंद्राची बाब, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा एकच प्रश्न. भांग होती की नव्हती?"

सगळ्या चौकटी थिजल्या. इंटरनेट गेलं की काय असं वाटावं इतक्या.

"अध्यक्ष महोदय, प्रश्नाच्या ग्राह्यतेबद्दल..."

"होती की नव्हती, काका?"

कॅमेऱ्याच्या मागून नेत्रा ओठांनी म्हणत होती, बाबा, बोला. पडद्यावर स्वप्ना डोळ्यांनी विनवत होती. काकांनी जाकिटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नव्हती," ते म्हणाले. "कधीच नव्हती. बदाम, पिस्ते, बडीशेप. भांगेचं पानही नाही."

अभिजित उठून उभा राहिला. "वा, काका! काय चेहरा ठेवलात! सरळ ऑन रेकॉर्ड!"

"अरे, खरंच नव्हती."

"हो हो, नव्हतीच!" लिमरिकच्या चौकटीतून कुणीतरी डोळा मिचकावला. "आम्ही पण तेच सांगू, काका."

"माझ्या पेन्शनची शपथ!"

यावर तर हशा कोसळला. पेन्शनची शपथ घेऊन इतकं बेमालूम बोलणारा माणूस मंत्रालयातच घडू शकतो, असं चैतन्य म्हणाला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं होतं आणि ते कुणी घेईना.

फक्त स्वप्नाचा चेहरा पडला होता. तिच्या शेजारच्या बाई काही हसल्या नव्हत्या. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि मोबाइलकडे वाकून मोठ्याने म्हणाल्या, "नव्हती कशी? हुती! माझी सून शुद्धीवर असती तर मला तसं बोलली असती व्हय? सोन्यासारखी पोर हाय माझी. भांग हुती म्हणूनच बोलली. मी बघिटलंय."

स्वप्ना सासूकडे बघतच राहिली.

गिरीश खुर्चीत ताठ झाले. "काका, ऐकलंत? साक्षीदार आहे!"

नेत्राने कपाळावर हात मारला. पण सभेच्या कामकाजात काकांना कोण हरवणार? "हरकत!" ते गरजले. "अलकनंदाबाई मेळ्याच्या सभासद नाहीत, पाहुण्या आहेत. घटनेप्रमाणे पाहुण्यांना सभेत बोलता येत नाही. त्यांचं वक्तव्य कामकाजातून काढून टाकावं!"

"काढा की," अलकनंदाबाई ताट पुन्हा ओढत म्हणाल्या. "मला बोलायचं हुतं, ते बोलून झालं."

मग मतदान झालं. अध्यक्षांनी कार्यकारिणीला न विचारता काढलेला आदेश रद्द. विरोधात एकच हात, गिरीश यांचा. तोही त्यांनी अर्ध्यावर खाली घेतला.

होळीच्या दिवशी हॉल तुडुंब भरला. काका पातेल्याशेजारी, आणि येईल त्याला सांगताहेत, "अरे, काही नाही ह्यात." जो तो गंभीर चेहरा करून म्हणतोय, "अर्थात, काका. काहीच नाही." ग्लास मोठे घेतोय. अलकनंदाबाई आल्या, एक घोट घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, बडीशेप जास्त झालीया. आमचे थोरले दादा शिवरात्रीला घ्यायचे. दोन घटका गप बसून ऱ्हायचे, मग हसायला लागायचे. तुमची ठंडाई लई चलाख बघा, घोट घशाखाली जायच्या आत चढती."

काकांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

संध्याकाळकडे स्वतः गिरीश हजर झाले. पाहणी करायला, असं म्हणाले. एक ग्लास पाहणीत गेला, दुसरा खात्री करण्यात. तिसऱ्याला ते पातेल्याशेजारच्या खुर्चीत पसरले आणि काकांचा हात धरला.

"काका, खरं सांगू? मला अधिकार नव्हता. मला माहीत होतं. मला वाटलं, अध्यक्ष झालोय म्हणजे काहीतरी बंद केलं पाहिजे. नाहीतर लोकांना कळणार कसं?" त्यांचे डोळे भरून आले. "ऑफिसमध्ये माझं कुणी ऐकत नाही हो, काका. मी बंद म्हणतो, ते चालूच असतं."

अभिजितने हळूच फोन काढला. अध्यक्षांचा कबुलीजबाब, तोही त्यांच्या तोंडून! काकांच्या आतला सचिव टुणकन उठून बसला; हे वाक्य इतिवृत्तात आलं तर शाखांचा विजय कायमचा कोरला जाईल. आणि माणूस पुरता शुद्धीवर आहे, हे हॉलमधल्या तिघाचौघांनाच ठाऊक. पण त्यांनी गिरीश यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि अभिजितच्या फोनवर पंजा ठेवला. "ठेव तो खिशात. या अवस्थेतल्या माणसाचं बोलणं ग्राह्य धरत नाहीत."

"थँक्यू, काका," गिरीश नाक ओढत म्हणाले. "पण आता मी गाडी कशी चालवू? डब्लिन लांब आहे."

"अरे, तू ठणठणीत आहेस. दूध प्यायलायस."

"काका!" गिरीशनी त्यांना मिठीच मारली. "तुम्ही अजून ऑन रेकॉर्ड!"

सगळा हॉल काकांकडे बघायला लागला. ठंडाई तुमची, तेव्हा माणूसही तुमचाच, असा एकूण सूर. गिरीशना काकांच्या घरी न्यावं लागलं. नेत्राची सोडली तर झोपायची खोली एकच, ती काका-काकूंची. अध्यक्ष त्यांच्या पलंगावर आडवे झाले, सरलाकाकू नेत्राच्या खोलीत गेल्या, आणि काका दिवाणखान्यात, पाय बाहेर येणाऱ्या सोफ्यावर.

"जा, सांगा त्याला," सरलाकाकू उशी देता देता म्हणाल्या. "ऊठ म्हणावं, शुद्धीवर आहेस, आपल्या घरी जा."

"पेन्शनची शपथ घेऊन सांगितलंय, सरला. आणखी कशाची घेऊ?"

तेवढ्यात आतून हाक आली, "काका! पलंग तरंगतोय!"

काकांनी रजई हनुवटीपर्यंत ओढली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान काही रजईखाली मावलं नाही.

"कड घट्ट धरा, अध्यक्ष महोदय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत किनाऱ्याला लागेल."